खापरपणजोबांचं बारसं

गुरुराजराव गेले त्याच्या आठ दिवस आधी त्यांनी बायकोला पलंगाजवळ बोलावलं, पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि म्हणाले, "वंशावळ पुरी झाली. लॅपटॉपात आहे. तुझ्यावरही लिहिलंय त्यात."

झालं. काय लिहिलंय, किती लिहिलंय, बरं की वाईट, काही नाही. भिंतीकडे तोंड करून झोपले. आता याला काय म्हणावं? सेहेचाळीस वर्षांच्या संसारात या गृहस्थानं 'आमटी चांगली झालीय' एवढंसुद्धा कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. आवडली तर दुसऱ्यांदा वाढून घ्यायची, त्यावरून बायकोनं ओळखायचं. असला माणूस बायकोवर लिहितो, आणि लिहून झाल्यावर चक्क निघून जातो! विशालाक्षीबाईंना नवरा गेल्याचं दुःख झालं, रडल्या, सगळं रीतीप्रमाणे झालं. पण त्या दुःखात थोडा राग होता, आणि रागाहून मोठी होती ती उत्सुकता. काय लिहिलं असेल?

तरी अकरा महिने त्यांनी लॅपटॉपला हात लावला नाही. विद्यापीठाच्या कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट असलेल्या बाई, बोटं अजून पटापट चालायची. यंत्राची भीती नव्हती. भीती होती ती आत 'स्वयंपाक ठीक' एवढंच निघालं तर, याची. न वाचलेलं असतं तोवर ते काहीही असू शकतं, नाही का? कधी दुपारी लोळता लोळता त्या मनातल्या मनात दोन-तीन ओळी लिहूनही बघायच्या, नवऱ्याच्या वतीनं. मग स्वतःवरच चिडून चहा टाकायला उठायच्या.

वर्षश्राद्ध तोंडावर आलं आणि गुरुवारी सकाळच्या गाडीनं नंजनगूडहून दीर जगन्नाथराव मैसूरच्या सरस्वतीपुरमातल्या या घरी येऊन थडकले. बरोबर मोठी बहीण भागीरथीबाई, वय वर्षं ब्याऐंशी, हातात काठी आणि तोंडात सुपारी. जगन्नाथराव तालुका कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त व्हायला तयार नव्हती. घरात पाऊल टाकताच त्यांनी जाहीर केलं, "वैनी, रविवारी सगळे जमणार. त्या दिवशी दादाची वंशावळ छापून प्रत्येकाच्या हातात द्यायची. काढा लॅपटॉप."

काढला. पडद्यावर 'वंशावळ' नावाची एकच झिप फाइल होती. एकशे अडुसष्ट माणसांची एकशे अडुसष्ट टिपणं दाबून एका गाठोड्यात बांधलेली. माउसनं उघडायला गेलं की खिडकी उघडायची आणि लगेच मिटायची. चारदा झालं तसं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला, गुंजनला, हाक मारली. गुंजन नाशिकची, अडतिशीची, कंपनीचं काम घरूनच करायची. ती आली, काळा पडदा उघडला आणि म्हणाली, "हे असं होतं कधीकधी, काकू. इथं हुकूम टाइप करायचा. अनझिप म्हणायचं, पुढं फाइलीचं नाव द्यायचं, की सगळं बाहेर. आत काकांनी पिढीवार फोल्डर केलेत. पिढी पहिली, पिढी दुसरी. नंतरच्या पिढ्यांत गावांप्रमाणे, नंजनगूड वेगळं, वरुणा वेगळं, सरस्वतीपुरम वेगळं."

"वेगळं?" जगन्नाथरावांच्या भुवया वर गेल्या. "जमीन वाटली, भांडी वाटली, देवसुद्धा वाटले. आता फायलीतही वेगळं निघायचं? नाही म्हणजे नाही. सगळं घराणं एका फोल्डरात राहील."

"तसंही करता येतं. मधे एक 'जे' अक्षर लावलं की फोल्डर गळून पडतात, सगळ्या फायली एका जागी येतात. पण त्यात काय होतं की..."

"पण नाही!"

भागीरथीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "बाबा असते तर किती बरं वाटलं असतं रे, जगन्ना," त्या म्हणाल्या. आता एकत्र कुटुंबापुढं बिचारी नाशिकची मुलगी काय बोलणार? तिची मीटिंग सुरू होत होती. तिनं कॅलेंडरच्या पाठीवर हुकूम लिहून दिला, जे सकट, आणि जिना चढून गेली.

विशालाक्षीबाईंनी तो जशाच्या तसा टाइप केला. एंटर दाबलं. चार-पाच ओळी सरसर वर सरकल्या आणि पडदा थांबला. खाली इंग्रजीत प्रश्न होता: गुरुराज नावाची फाइल इथं आधीच आहे, तिच्या जागी ही नवी घालू का? हो असेल तर वाय, नको असेल तर एन. सगळ्यांनाच हो तर मोठा ए, सगळ्यांनाच नको तर मोठा एन. नाव बदलायचं असेल तर आर. आणि पुढं ती चौकोनी रेघ डोळे मिचकावत उभी.

इथं या घराण्याची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल यंत्रच बिघडलं. दीडशे वर्षांपूर्वी मैसूरला आलेल्या या लोकांना देवानं सगळं दिलं, फक्त नावं दिली नाहीत. थोरल्या मुलाचं नाव आजोबांचं. म्हणजे गुरुराजचा मुलगा सुधींद्र, सुधींद्रचा मुलगा गुरुराज, पुन्हा त्याचा सुधींद्र. तिन्ही शाखांत हेच. कुणी रस्त्यात 'सुधींद्रा' अशी हाक मारली तर तिघं वळून बघायचे आणि चौथा फोटोतून. वेगवेगळ्या फोल्डरांत ही मंडळी सुखानं नांदत होती. एका फोल्डरात आणली, आणि दारातच अडकली.

गुंजननं जेवणाच्या सुट्टीत खाली येऊन दुसऱ्या खिडकीत पाहून सांगितलं, की आधी बाहेर आलेला गुरुराज म्हणजे आपले काका. त्यांनी स्वतःची फाइल सगळ्यांत आधी घातली होती. आणि दारात उभे आहेत ते पहिल्या पिढीतले गुरुराज. म्हणजे खापरपणजोबा, राजवाड्यातल्या हत्तींना गूळभाताचे गोळे भरवायच्या खात्यात नोकरीला म्हणून साताऱ्याकडून आलेले.

"म्हणजे वाय दाबलं तर दादा पुसला जाणार," जगन्नाथराव म्हणाले. "वर्षसुद्धा झालं नाही त्याला. आणि एन दाबलं तर मूळ पुरुषाला दारातून परत पाठवायचं. अय्यो!"

"काका, पुसलं जात नाही कुणी. मूळ झिप तशीच राहते. फोल्डर वेगळे ठेवले तर एका मिनिटात..."

"मूळ फाइल कपाटात असतेच हो बाई. साहेबाच्या टेबलावर येते ती फाइल खरी. आणि वेगळं निघायचा विषय या घरात पुन्हा काढू नका."

"मग मोठा ए दाबा आणि मोकळे व्हा," गुंजन वैतागून म्हणाली.

जगन्नाथरावांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती दोन पावलं मागे सरली. सगळ्यांनाच एकदम हो? न बघता? एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोऱ्या कागदावर सही केली नव्हती. ते म्हणाले, प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे, संबंधितांच्या उपस्थितीत निकाली काढलं जाईल. तोवर कुणीही कळफलकाला हात लावू नये. आणि लॅपटॉप उचलून त्यांनी देवघराशेजारच्या स्टुलावर ठेवला, चार्जर लावला, आणि समोर खुर्ची टाकून स्वतः बसले. भागीरथीबाईंनी जाता-येता त्याला हळदकुंकू वाहिलं.

विशालाक्षीबाई स्वयंपाकघरात जाऊन पातेली आपटू लागल्या. आपटतील नाहीतर काय करतील? अकरा महिने धीर गोळा करून बाई बसल्या, आणि हत्तीला गोळे भरवणारा एक म्हातारा आडवा आला. गुंजन मागोमाग आत गेली. हळूच म्हणाली, "काकू, तुमची एकटीची फाइल मी गुपचूप काढून देऊ का? त्यांना कळणारही नाही."

"नको," विशालाक्षीबाई फणकारल्या. "माझं म्हणजे काय चोरीचा माल आहे? सगळ्यांसमोर येईल तेव्हा येईल."

पण त्यांची खरी काळजी वेगळीच होती. मुलांसारखीच सुनांचीही रीत होती या घरात. थोरली सून आली की तिला आजेसासूचं नाव. आजेसासूबाई विशालाक्षी होत्या, मधे एक पिढी सोडून या. म्हणजे फायली दोन असणार. म्हातारी आधी बाहेर येणार, आणि मग पडदा विचारणार: विशालाक्षीच्या जागी विशालाक्षी घालू का? नवऱ्यानं आपल्यावर लिहिलेलं वाचायचं तर आजेसासूला पुसावं लागणार. तेही दिराच्या, नणंदेच्या देखत.

शुक्रवारी वरुण्याहून सुधींद्र आला. गुरुराजरावांचा चुलतपुतण्या, घरच्या दोन गाई, थोडा ऊस, फटफटीला दुधाची कॅन. त्याला कुणीतरी फोनवर सांगितलं होतं की पुढचा प्रश्न बहुतेक त्याचाच आहे. त्यानं कॅन दारात आदळली.

"मी जिवंत आहे की नाही? सांगा, आहे की नाही?"

"आहेस," जगन्नाथराव म्हणाले.

"मग मला पुसून आजोबांना घालायचं कुणाच्या मनात आलं?"

"अजून ठरलेलं नाही. तुझी हरकत लेखी दे."

त्यानं दिली! कॅलेंडरचं दुसरं पान फाडून, सही करून दिली, आणि निकाल लागेपर्यंत या घरचं पाणी पिणार नाही म्हणून व्हरांड्यात जाऊन बसला. कॉफी मात्र दोनदा घेतली. कॉफीबद्दल आपण काही बोललो नव्हतो, असं त्याचं म्हणणं.

दुपारपर्यंत असंच चाललं. बसायला माणसं वाढली, पोळ्या वाढल्या, प्रश्न होता तिथंच. शेवटी भागीरथीबाईंनी सुपारी गिळली आणि विचारलं, "त्या पडद्यावर शेवटचं काय म्हणालास, जगन्ना? नाव बदलायचं तर?"

"आर. पण नाव असं सुम्ने, उगाच कसं बदलणार, अक्का?"

"सुम्ने कोण म्हणतंय? बारसं करायचं. रीतसर पाळणा बांधायचा, आत्यानं कानात नाव सांगायचं. त्यात काय आहे एवढं?"

रीत म्हटलं की जगन्नाथराव नरमायचे. तरी त्यांनी दोन हरकती घेतल्या. पहिली, घरात वर्ष सरलेलं नाही, शुभकार्य कसं करायचं? त्यावर श्राद्ध सांगायला येणार होते त्या आचार्यांना फोन लावला. आचार्य बराच वेळ खोकले आणि म्हणाले, की ज्याचं बारसं तो स्वतःच वारलेला असेल तर दोष धरायचं कारण दिसत नाही. लाडू करू नयेत, घुगऱ्या चालतील. दुसरी हरकत, भागीरथी ही खापरपणजोबांची आत्या होत नाही, उलट त्यांच्या पणतवाची लेक लागते.

"मग त्यांची खरी आत्या घेऊन ये," भागीरथीबाई म्हणाल्या. "जा, मी थांबते."

शनिवारी सकाळी बारसं झालं. शेजारच्या श्रीलक्ष्मीकडून पाळणा आणला, त्यात दुपटं घातलं, दुपट्यावर लॅपटॉप ठेवला. चार्जरची वायर पाळण्याच्या दोरीला गुंडाळली, झोका फार मोठा द्यायचा नाही असं ठरलं. हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजल्या. वास गल्लीभर गेला तशी समोरची बाई फाटकाशी येऊन हसत हसत विचारू लागली, "कुणाला झालं? मुलगा की मुलगी?"

"खापरपणजोबा," विशालाक्षीबाई म्हणाल्या आणि तिच्या हातावर घुगऱ्या ठेवल्या. ती बाई बराच वेळ फाटकातच उभी होती.

विशालाक्षीबाईंनी आर दाबला. पडद्यानं नवं नाव विचारलं. बायकांनी पाळण्याची दोरी धरली, जे काय चार शब्द गाण्याचे आठवत होते ते म्हटले, आणि भागीरथीबाई काठी टेकत पुढं आल्या. लॅपटॉपला कान कुठं, यावर थोडा वाद झाला; इअरफोनचं भोक म्हणजे कान, असा गुंजननं निवाडा दिला. तिनं त्या दिवशी सुट्टीच टाकली होती. हे सोडून कुठली मीटिंग महत्त्वाची? भागीरथीबाई वाकल्या, भोकाला तोंड लावलं आणि "कुर्रर्र" करून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अनुराग!"

बायकांच्या हातातली पाळण्याची दोरी थांबली.

"अक्का!" जगन्नाथराव ओरडले. "अठराशे पस्तीसचा जन्म त्यांचा! पगडी घालायचे! तो बघ फोटो, त्या मिशा बघ. अनुराग?"

"मग काय थोरले गुरुराज ठेवू? वीस पोरांची आत्या आहे मी या घरात. वीस! एकाचं तरी नाव ठेवू दिलंत मला? पाळण्यापाशी जायचं आणि ठरलेलं नाव सांगून परत यायचं. पोस्टमनसारखं. मला अनुराग आवडतं. साठ वर्षं झाली, मनात धरून बसलेय." म्हातारीनं काठी आपटली. "घाल गं विशालाक्षी, अनुराग."

विशालाक्षीबाईंनी अनुराग टाइप केलं. एंटर. दहा-बारा ओळी सरसर वर गेल्या. कोण होती ती माणसं, कुणी वाचलं नाही, कारण लगेच पुढचा प्रश्न आला, सुधींद्रचा, आणि सगळ्यांचं लक्ष व्हरांड्यातून धावत आत आलेल्या सुधींद्राकडे गेलं.

मग काय विचारता! भागीरथीबाईंना कोण आवरणार? सुधींद्राला पुसलं नाही, आजोबांनाच विक्रांत केलं, म्हणून त्यानं आनंदानं पाणी मागितलं. आणखी एक गुरुराज होते, ते उपेंद्र झाले. कुठलेसे संन्यास घेतलेले काका होते, ते प्रणेश झाले. दर नावाला पाळणा हलायचा, कुर्रर्र व्हायचं, घुगऱ्यांची वाटी फिरायची. जगन्नाथरावांनी निमूटपणे वही काढून जुनं नाव, नवं नाव आणि वेळ लिहायला घेतली. त्यांचा चेहरा पडला होता, पण नोंद ठेवल्यामुळं थोडं बरं वाटत असावं.

आणि विशालाक्षीबाई आर दाबत होत्या. आर, नाव, एंटर. पाचव्या-सहाव्या बारशाला त्यांच्या एकदम ध्यानात आलं की आपले दात घट्ट मिटलेले आहेत. राग आला होता त्यांना, चांगलाच. एका मेलेल्या पुरुषाचं नाव बदलायचं तर तीन दिवस बैठक. आचार्यांना फोन. लेखी हरकती. यंत्रसुद्धा विचारतं, बदलू का, हो की नको, सांगा. आणि त्या स्वतः बावीस वर्षांच्या असताना गडहिंग्लजहून लग्न होऊन आल्या, तेव्हा एका ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याच्या हातात अंगठी दिली, त्यानं तांदळात 'विशालाक्षी' लिहिलं, पेढे वाटले. भात शिजायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो. बावीस वर्षं जे नाव ऐकून त्या वळून बघायच्या, ते त्या दिवसापासून या घरात कुणी घेतलं नाही. आईबाप गेल्यावर तर घेणारंच कुणी उरलं नाही.

त्यांनी मान वर केली. "भावजी, विशालाक्षीचा प्रश्न आला तर काय करायचं?"

जगन्नाथराव वहीत मान घालून होते. "कुठली विशालाक्षी?"

"दोन असणार ना. आजेसासूबाई आणि मी."

"हौदा? असं होय? मग त्यात काय, एकच ठेवा की कुठली तरी. बायकांचं काय एवढं." आणि त्यांनी पुढचं नाव विचारलं.

त्याच क्षणी विशालाक्षीबाईंनी मनाशी ठरवलं. वाय दाबायचं. कुणाला विचारायचं नाही, बारसं नाही, पाळणा नाही. आजेसासूबाईंनी आयुष्यभर सगळ्यांवर हुकमत गाजवली, आता थोडं सरकून बसतील. आपल्या नवऱ्यानं आपल्यावर लिहिलेलं आपण वाचायचं, मग घराण्यानं काय ते बोंबलावं.

रविवारी सकाळी आचार्य यायच्या आधी शेवटचं बारसं उरकलं. सगळे भोवती जमले होते. ओळी पुन्हा सरसर धावू लागल्या आणि विशालाक्षीबाईंनी बोट वायवर टेकवून ठेवलं. ओळी धावत राहिल्या. धावल्या, धावल्या आणि थांबल्या. पडद्यावर प्रश्न नव्हता. हुकूम संपून रेघ नव्या ओळीवर येऊन बसली होती.

"झालं, काकू! संपलं!" गुंजननं टाळ्या वाजवल्या. "एकशे अडुसष्टच्या एकशे अडुसष्ट बाहेर."

"विशालाक्षीचं विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे त्या नावाची फाइल एकच असणार."

एकच. म्हणजे आजेसासूबाईंची. विशालाक्षीबाईंचं बोट वायवरच राहिलं. खोटं बोलला तर माणूस. मरता मरता खोटं बोलला. बायकोला बरं वाटावं म्हणून बोलला असेल, पण खोटंच. अकरा महिने मनात ओळी लिहून बघणाऱ्या आपण किती मूर्ख! त्यांना रडू आलं आणि ते लपवायचंही सुचलं नाही. सुदैवानं तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. जगन्नाथरावांनी यादी पडद्यावर लावून घेतली होती आणि वहीशी ताडून खुणा करत ते एकेक नाव मोठ्यानं वाचत होते. अनुराग, बरोबर. भागीरथी, बरोबर. जगन्नाथ, बरोबर.

"कमलिनी," त्यांनी वाचलं आणि पेन्सिल थांबवली. "ही कोण? आपल्या घराण्यात कमलिनी कुणी नाही. अक्का, तू ठेवलंस का हे?"

"मी नाही बाई."

"मग दादानं चुकून घातलीय कुणाची तरी. गुंजनबाई, काढून टाका ती. छापताना उगाच घोळ नको."

गुंजनचा हात पुढं आला. विशालाक्षीबाईंनी तो मनगटाला धरून थांबवला.

"ती मी," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "वैनी, तुम्ही विशालाक्षी," जगन्नाथराव समजावणीच्या सुरात म्हणाले.

"ती तुम्ही ठेवलेली. मी कमलिनी. उघड गं ती फाइल."

गुंजननं उघडली. टिपण छोटंसं होतं. गुरुराजरावांनी नंजनगूडच्या कारखान्यात जन्मभर भांडारात काम केलं, लिहायची सवय तशीच, कोरडी. विशालाक्षीबाईंनी चष्मा पुसला आणि वाचलं.

'कमलिनी. माहेर गडहिंग्लज. लग्नात माझ्या हातात अंगठी देऊन तांदळात नाव लिहायला सांगितलं. मी लिहिलं. तिला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पुढं पुष्कळदा मनात आलं, पण इतक्या वर्षांनी विचारलं तर हसेल असं वाटलं. विशालाक्षीबद्दल मला सगळं माहीत आहे, ते लिहायची गरज नाही. कमलिनीची माहिती मला मिळवता आली नाही. खाली जागा सोडली आहे. तिनं स्वतः भरावी.'

खाली खरंच जागा होती. बरीच होती. कोऱ्या ओळी एकामागून एक, पडदा कितीही खाली सरकवला तरी संपत नव्हत्या.

त्या हसल्या नाहीत. रडत मात्र होत्या, उघडपणे. "अहो, विचारायचं होतंत की," पडद्याकडे बघत म्हणाल्या. "हसले असते, मग सांगितलं असतं."

बाहेर फाटक वाजलं. आचार्य आले होते, बरोबर दुसरे दोघं ब्राह्मण. जगन्नाथरावांनी घड्याळ पाहिलं. "वैनी, चला, पानं मांडायची आहेत."

"बसू दे त्यांना थोडा वेळ," त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढं ओढली. दोन्ही हात कळफलकावर ठेवले, टायपिस्ट ठेवतात तसे ताठ. काय लिहावं? सेहेचाळीस वर्षांत या घरात कुणाला ठाऊक नाही असं काय आहे? फार विचार करावा लागला नाही. त्यांनी पहिली ओळ लिहिली: 'मला पोहता येतं.'

जगन्नाथरावांनी मागून वाकून वाचली. वही काखेत, पेन्सिल कानावर.

"हौदा, वैनी?" त्यांनी विचारलं. "कुठं शिकलात?"

"थांबा," कमलिनीबाई म्हणाल्या, "लिहितेय."